रूट कॅनल उपचार

रूट कॅनल उपचार किंवा दंतमूलनलिका उपचार ही दाताच्या गाभ्यातील रोगग्रस्त मृदू भाग काढून टाकून, मुळातील पोकळी जंतुमुक्त करून ती कायमची बंद करण्याची दंतवैद्यकीय उपचारपद्धती आहे. दात उपटावा लागू नये व तो आपल्या जागी राहून चावण्याचे काम करीत राहावा, हा या उपचाराचा हेतू होय. दंतवैद्यकाच्या ज्या शाखेत या विषयाचा अभ्यास होतो तिला एंडोडाँटिक्स म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘आत’ आणि ‘दात’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ही संज्ञा तयार झाली आहे.

हा उपचार दाढदुखी थांबवणारा म्हणून ओळखला जात असला, तरी वेदनाशमन हा त्याचा केवळ एक परिणाम आहे. दाताच्या आतील जंतुसंसर्ग दूर करणे आणि तो पुन्हा होऊ न देणे हे त्याचे मुख्य कार्य आहे. वेदना आणि संसर्ग या गोष्टी नेहमी बरोबर वाढतात किंवा बरोबर कमी होतात असे नाही. ठणका थांबला म्हणून उपचार टाळणे, किंवा पहिल्या भेटीनंतर आराम पडला म्हणून तो अर्धवट सोडणे, ही दात गमावण्याची नेहमी आढळणारी कारणे आहेत.

संज्ञा

रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळातील अरुंद नलिका. ती प्रत्येक निरोगी दातात असतेच. बोलीभाषेत मात्र ‘रूट कॅनल केले’ असे म्हणताना त्या नलिकेवरील उपचार अभिप्रेत असतो. मराठीत दंतमूलनलिका उपचार, मूळनलिका उपचार असे पर्यायी शब्द वापरले जातात. व्यवहारात रूट कॅनल हाच शब्द रूढ आहे. दाताला ‘कीड लागणे’ हा शब्दप्रयोगही असाच रूढ आहे. त्यातील कीड म्हणजे प्रत्यक्ष अळी नव्हे, तर जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे होणारी दाताची झीज होय.

दाताची रचना

हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाताच्या भागास शिखर आणि जबड्याच्या हाडात रुतलेल्या भागास मूळ म्हणतात. शिखरावर एनॅमल म्हणजे दंतवल्काचे आवरण असते. हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याखाली डेंटीन म्हणजे दंतिन हा हाडासारखा, पण सूक्ष्म नलिकांनी भरलेला थर असतो. त्याच्याही आत असलेल्या पोकळीत रक्तवाहिन्या, चेतातंतू व पेशी यांचा मृदू गाभा असतो. त्याला दंतमज्जा असे नाव आहे. ही मज्जा मुळातील नलिकांमधून खाली जाते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून जबड्यातील रक्तवाहिन्यांशी व चेतांशी जोडली जाते.

दंतमज्जेच्या दुखण्याचे स्वरूप या रचनेवरून समजते. शरीरात अन्यत्र दाह झाला की तो भाग सुजतो. पण दंतमज्जा चारही बाजूंनी कठीण भिंतींत बंदिस्त असल्याने तिला सुजण्यास जागा नसते. दाब वाढतो, रक्तपुरवठा बिघडतो आणि चेतातंतूंवर ताण येऊन तीव्र ठणका लागतो.

नलिकांची संख्या दातागणिक बदलते. वरच्या पटाशीच्या दातांत व सुळ्यांत बहुधा एकच नलिका असते. वरच्या जबड्यातील पहिल्या उपदाढेत बहुतेक वेळा दोन, खालच्या पहिल्या दाढेत तीन किंवा चार, तर वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळे असूनही अनेकदा चार नलिका आढळतात. ही चौथी नलिका अतिशय अरुंद असते व नजरेतून सुटू शकते. दाढेच्या उपचाराला पुढच्या दातापेक्षा अधिक वेळ व खर्च लागण्याचे हे प्रमुख कारण आहे.

कारणे

दंतमज्जेला इजा होण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे दात किडणे. कीड एनॅमलपुरती असते तेव्हा सहसा दुखत नाही. ती डेंटीनमध्ये उतरली की थंड व गोड पदार्थ लागू लागतात. ती मज्जेपर्यंत पोहोचली की जिवाणू आत शिरतात. याशिवाय अपघातात किंवा खेळताना दाताला मार लागणे, दाताला खोल तडा जाणे, एकाच दातात पुनःपुन्हा खोल भरण करावे लागणे आणि दाताची अतिरिक्त झीज होणे यांमुळेही मज्जा रोगग्रस्त होऊ शकते. मार लागलेला दात वरकरणी अखंड दिसला तरी आतील मज्जा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मृत होऊ शकते. अशा दाताचा रंग करडा किंवा काळपट होतो.

लक्षणे व रोगाचे टप्पे

सुरुवातीच्या टप्प्यात थंड पाण्याने सणक येते व काही सेकंदांत थांबते. या स्थितीत मज्जा पूर्ववत होऊ शकते आणि कीड काढून भरण करणे पुरेसे ठरते. थंड किंवा गरम पदार्थ घेतल्यानंतर कळ बराच वेळ टिकणे, काहीही न खाता आपोआप ठणका लागणे, रात्री झोपमोड होणे, आडवे झाल्यावर दुखणे वाढणे ही लक्षणे मज्जेचा दाह बहुधा पूर्ववत न होण्याच्या अवस्थेत गेल्याचे सुचवतात. अनेकदा रुग्णाला नेमका कोणता दात दुखतो हे सांगता येत नाही. कानात, कपाळात किंवा दुसऱ्या जबड्यात कळ जाते.

यानंतरचा टप्पा फसवा असतो. मज्जा पूर्णपणे मृत झाली की तिच्यातील चेतातंतूही मरतात. थंड-गरम लागेनासे होते आणि ठणका काही काळ थांबतो. रुग्णाला दुखणे बरे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मृत मज्जेत जिवाणू वाढत राहतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तेथील हाड हळूहळू झिजू लागते. ही प्रक्रिया अनेक महिने वेदनेविना चालू राहू शकते व केवळ एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग या रूपात दिसते. पुढे चावताना दुखणे, दात उंच झाल्यासारखा वाटणे, हिरडीवर पुळी येऊन तिच्यातून अधूनमधून पू येणे किंवा गालावर सूज येणे अशी लक्षणे दिसतात. पुळी फुटल्यावर दाब कमी होऊन पुन्हा आराम वाटतो, पण संसर्गाचे मूळ तसेच राहते.

तातडीची लक्षणे

खालच्या दाढांचा संसर्ग क्वचित जिभेखालील व हनुवटीखालील भागात पसरतो. लुडविग अँजायना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थितीत श्वासमार्ग बंद होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. झपाट्याने वाढणारी चेहऱ्याची किंवा मानेची सूज, डोळा मिटेल इतकी सूज, तोंड उघडता न येणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास, लाळ गळणे, थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही आढळल्यास दंतचिकित्सकाच्या पुढील वेळेची वाट न पाहता रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाणे आवश्यक असते.

निदान

दात दुखतो म्हणून रूट कॅनल करावे, असे समीकरण नाही. हिरडीचा विकार, दाताचा तडा, अक्कलदाढेचा दाह, जबड्याच्या सांध्याचे दुखणे, तसेच वरच्या दाढांजवळच्या सायनसचा दाह यांतही दाढदुखीसारखी लक्षणे दिसतात. त्यामुळे लक्षणांचा पूर्वेतिहास विचारणे, दातावर हलकेच ठोकून पाहणे, थंड स्पर्शाला दाताचा प्रतिसाद तपासणे आणि शेजारच्या निरोगी दाताशी तुलना करणे या चाचण्या केल्या जातात. त्या दाताचा लहान एक्स-रे काढला जातो. गुंतागुंतीच्या प्रकरणी जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा सीबीसीटी हा स्कॅन करतात. तो सरसकट आवश्यक नसतो. एका छोट्या दंत एक्स-रेतून मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा निसर्गतः सुमारे एका दिवसात मिळणाऱ्या मात्रेइतकी अल्प असते.

उपचाराची कार्यपद्धती

प्रथम लिग्नोकेनसारख्या औषधाच्या इंजेक्शनने तो भाग बधिर केला जातो. तीव्र दाह असलेल्या दातात, विशेषतः खालच्या दाढेत, बधिरीकरण कमी परिणामकारक ठरू शकते व अतिरिक्त इंजेक्शनची गरज पडते. उपचार चालू असताना दुखल्यास सहन न करता हात वर करून तसे कळवावे, अशी सूचना रुग्णाला दिली जाते.

त्यानंतर दाताभोवती रबर डॅम नावाचा पातळ रबरी पडदा बसवणे ही मान्य पद्धत आहे. त्यामुळे लाळेतील जिवाणू दातात जात नाहीत, तसेच औषधी द्रव वा बारीक उपकरण घशात जाण्याचा धोका टळतो. दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागातून, पुढच्या दातांत मागील बाजूने, छिद्र करून मज्जेची पोकळी उघडली जाते. नलिकांची लांबी एक्स-रे आणि एपेक्स लोकेटर हे विद्युत्‌ उपकरण यांच्या साह्याने मोजली जाते. मग फाइल नावाच्या, सुईसारख्या बारीक उपकरणांनी मज्जा काढून नलिकेला निमुळता आकार दिला जातो. ही उपकरणे पोलादाची किंवा निकेल-टायटेनियम या लवचीक मिश्रधातूची असतात.

उपकरणे नलिकेच्या सर्व कोपऱ्यांत पोहोचू शकत नाहीत. म्हणून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने नलिका वारंवार धुतल्या जातात. हे द्रावण जिवाणूंना मारते व मृत ऊती विरघळवते. रुग्णाला उपचाराच्या वेळी येणारा ब्लीचसारखा वास याचाच असतो. एका भेटीत काम पूर्ण होणार नसेल, तर नलिकेत बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध ठेवून दात तात्पुरत्या भरणाने बंद केला जातो.

नलिका स्वच्छ व कोरड्या झाल्यावर त्या गट्टापर्चा या पदार्थाने, सीलर नावाच्या लेपासह, भरल्या जातात. गट्टापर्चा हा मलाय द्वीपसमूहातील पॅलाक्वियम प्रजातीच्या झाडांच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींवर विद्युत्‌रोधक आवरण म्हणून तो वापरला जात असे.

काम एका भेटीत होईल की दोन-तीन भेटींत, हे संसर्गाचे प्रमाण, सूज, नलिकांची रचना व उपलब्ध वेळ यांवर अवलंबून असते. दोन्ही प्रकारे केलेल्या उपचारांच्या दीर्घकालीन यशात लक्षणीय फरक आढळलेला नाही.

कायमचे भरण व कॅप

नलिका भरल्या म्हणजे उपचार संपला असे नाही. वर केलेले तात्पुरते भरण झिजते व काही आठवड्यांत त्याच्या कडेने लाळ झिरपू लागते. लाळेबरोबर जिवाणू पुन्हा नलिकांत पोहोचले, तर सुबक रीतीने भरलेली नलिकाही निरुपयोगी ठरते. म्हणून कायमचे भरण शक्य तितक्या लवकर करून घ्यावे लागते.

रूट कॅनल केलेला दात ठिसूळ होतो असे म्हटले जाते. त्याच्या दुबळेपणाचे मुख्य कारण मज्जा काढणे हे नसून किडीमुळे व छिद्रामुळे दाताचा बराचसा कठीण भाग नाहीसा होणे हे आहे. दाढा व उपदाढांवर चावण्याचा मोठा दाब येत असल्याने त्यांवर साधारणपणे क्राउन बसवला जातो. व्यवहारात त्याला कॅप म्हणतात. कॅप न बसवलेली दाढ एखाद्या दिवशी सुपारी किंवा शेंगदाणा चावताना उभी चिरली जाऊ शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर दात काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुढच्या दातांचा बराच भाग शाबूत असेल तर केवळ भरण पुरते. कॅप धातूची, धातूवर पोर्सेलीन चढवलेली किंवा झिर्कोनियाची असते.

उपचारानंतरची काळजी

बधिरता काही तास राहते. तोपर्यंत खाणे टाळल्यास ओठ, गाल वा जीभ नकळत चावली जात नाही. लहान मुलांवर या काळात लक्ष ठेवावे लागते. पुढील काही दिवस चावताना दात हुळहुळणे स्वाभाविक असते व सांगितलेल्या वेदनाशामक औषधाने ते आटोक्यात राहते. थोड्या रुग्णांत तीव्र वेदना वा सूज उद्भवते; अशा वेळी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नयेत. मज्जा काढली तरी दाताला कीड लागू शकते आणि दुखणे उरले नसल्याने ती लक्षात येत नाही. त्यामुळे दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, दातांमधील फटी स्वच्छ ठेवणे व नियमित तपासणी यांची गरज कायम राहते. हाडातील विकार भरून येण्यास अनेक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून सुमारे वर्षभराने एक्स-रे काढून पडताळणी केली जाते.

यश, अपयश व पुनरुपचार

अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, रूट कॅनल केलेल्या दातांपैकी ८६ ते ९३ टक्के दात उपचारानंतरच्या २ ते १० वर्षांच्या काळात तोंडात टिकून होते. उपचारानंतर कॅप बसवलेली असणे आणि दाताच्या दोन्ही बाजूंना शेजारचे दात असणे यांचा टिकण्याशी संबंध आढळला.

एखादी नलिका सापडायची राहून जाणे, नलिका अपुरी स्वच्छ होणे, भरणाच्या कडेने गळती होणे, नवी कीड लागणे आणि मुळाला चीर जाणे ही अपयशाची प्रमुख कारणे होत. वाकड्या नलिकेत कधीकधी फाइलचे टोक तुटून राहते. असा तुकडा राहिला म्हणून उपचार वाया गेला असे नसते. त्या वेळी नलिका किती स्वच्छ झाली होती यावर परिणाम ठरतो. मात्र घडलेली गोष्ट रुग्णाला सांगणे व तिची नोंद ठेवणे हे दंतचिकित्सकाचे कर्तव्य आहे. उपचार अयशस्वी ठरल्यास जुने भरण काढून पुनरुपचार करता येतो. तेही शक्य नसल्यास हिरडी उघडून मुळाचे संसर्गित टोक कापण्याची लहान शस्त्रक्रिया केली जाते.

पर्याय

मज्जेचा फक्त वरचा भाग बाधित असेल, तर तेवढाच काढून उरलेली जिवंत मज्जा औषधाने झाकण्याचा उपचार काही रुग्णांत शक्य असतो. मुळे पूर्ण न वाढलेल्या मुलांच्या कायमच्या दातांत तो विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण मज्जा जिवंत राहिल्यास मुळाची वाढ पूर्ण होते. दुधाच्या दातांसाठीही स्वतंत्र पद्धती आहेत. हे दात पडणारच, म्हणून किडलेले तसेच ठेवणे योग्य नसते. त्यांच्या संसर्गाने खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

दात काढणे हा दुसरा पर्याय आहे. दात मुळापर्यंत चिरला असेल, हिरडीच्या रोगाने खिळखिळा झाला असेल किंवा भरण करण्याइतकाही शिल्लक नसेल, तेव्हा तोच योग्य ठरतो. अन्यथा त्याचा स्वस्तपणा अनेकदा तात्पुरता असतो. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातील दात त्या पोकळीत उतरतो, आणि इम्प्लांट, ब्रिज किंवा कवळी बसवण्याचा खर्च पुढे उभा राहतो.

काहीही न करणे हा मात्र पर्याय नव्हे. मृत मज्जेला रक्तपुरवठा नसल्याने प्रतिजैविके तेथे पोहोचू शकत नाहीत. त्यांनी सूज ओसरली तरी उगमस्थान तसेच राहते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अन्यथा निरोगी प्रौढांत दंतमज्जेच्या दाहासाठी प्रतिजैविके देऊ नयेत आणि शक्य तेथे प्रत्यक्ष दंतोपचारालाच प्राधान्य द्यावे. ताप किंवा पसरणारी सूज असल्यास मात्र त्यांची गरज असते.

विशेष काळजीचे रुग्ण

मधुमेहाचे रुग्ण: रक्तातील साखर अनियंत्रित असल्यास संसर्ग लवकर पसरतो व जखम उशिरा भरते, उलट संसर्गामुळे साखरही वाढू शकते. उपचाराच्या दिवशी नेहमीचे जेवण व औषधे चुकवू नयेत.

हृदयविकाराचे रुग्ण: कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाचा संसर्ग झालेल्यांना उपचारापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना स्वतःहून बंद करू नयेत.

गर्भवती स्त्रिया: नियोजित उपचारासाठी गर्भारपणाचे मधले तीन महिने सोयीचे असतात; तीव्र संसर्गाचा उपचार मात्र कोणत्याही महिन्यात करावा लागतो. आवश्यक तो एक्स-रे योग्य काळजी घेऊन काढता येतो.

हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणारे, तसेच जबड्यावर किरणोपचार झालेले रुग्ण: यांच्यात दात काढल्यानंतर जबड्याचे हाड न भरून येण्याचा धोका असतो. त्यामुळे शक्य असेल तेथे रूट कॅनल करून मूळ जागेवर ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

सुपारी व गुटखा खाणारे रुग्ण: सुपारीच्या सवयीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड कमी उघडते. सबम्यूकस फायब्रोसिस हा तो विकार होय. अशा रुग्णाच्या मागील दाढेपर्यंत उपकरणे नेणे कठीण होते व साधा उपचारही अशक्य होऊ शकतो.

घरगुती उपाय व गैरसमज

लवंगेच्या तेलातील युजेनॉल या घटकाने दाताचा ठणका तात्पुरता कमी होतो. दंतवैद्यकातही तो जस्ताच्या ऑक्साइडबरोबर वापरला जातो. तथापि त्याने कीड वा संसर्ग बरा होत नाही. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ॲस्पिरीनची गोळी ठेवल्यास तेथील त्वचा भाजते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत दातांना मिश्री किंवा मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावण्याची सवय आहे. तिने दुखणे शमते असा समज असला, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यामुळे वाढतो.

वरचा दात काढल्यास दृष्टी अधू होते हा समज भारतात व्यापक आहे. दातांची संवेदना त्रिमूल चेतेच्या शाखांमार्फत मेंदूकडे जाते, तर दृष्टीचे कार्य त्याहून वेगळी असलेली दृक्‌चेता करते. दंतोपचाराने दृष्टी जाते या समजाला आधार नाही. रूट कॅनल केलेल्या दातामुळे शरीरात अन्यत्र रोग किंवा कर्करोग होतो, या समजुतीलाही विश्वसनीय पुरावा नाही. तिचा उगम पुढील इतिहासात दिसतो.

इतिहास

दात अळीमुळे किडतो ही कल्पना अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देऊन अळ्या पाडण्याचा प्रकार दीर्घकाळ प्रचलित होता. अळ्या म्हणून दाखवले जाणारे कण बहुधा त्या बियांचेच अंकुर असत. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंतकृमीची कल्पना अमान्य केली व दाताच्या आतील उपचारांचेही वर्णन केले. १८३८ मध्ये एडवर्ड मेनार्ड याने घड्याळाच्या स्प्रिंगपासून मज्जा काढण्याचे उपकरण बनवले. १८६४ मध्ये सॅनफोर्ड बार्नम याने रबर डॅमचा वापर सुरू केला आणि त्याच दशकात नलिका भरण्यासाठी गट्टापर्चा वापरात आला. १८९५ मधील क्ष-किरणांच्या शोधानंतर दाताचे मूळ प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले.

१९१० मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील व्याख्यानात, संसर्ग असलेल्या मुळांवर सोन्याच्या कॅप चढवण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली. पुढे अमेरिकेतील वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनल केलेले दात अनेक शारीरिक रोगांचे मूळ असल्याचा सिद्धान्त मांडला. परिणामी वाचवता येण्याजोगे असंख्य दात उपटले गेले. नंतरच्या नियंत्रित अभ्यासांत हा सिद्धान्त टिकला नाही. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले, की जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची उघडी पडलेली दंतमज्जा बरी होते, तर सामान्य उंदरांची मृत होते. मज्जेचा नाश जिवाणूंमुळे होतो हे यावरून सिद्ध झाले. आधुनिक उपचाराचा जंतुमुक्तीवरील भर या तत्त्वावर आधारलेला आहे. १९८८ नंतर निकेल-टायटेनियमच्या फाइल प्रचारात आल्या व वाकड्या नलिकांची स्वच्छता अधिक सुकर झाली.

भारतातील स्थिती

भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकाता येथे स्थापन केले. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून कार्यरत आहे. व्यवसायाचे नियमन दीर्घकाळ १९४८च्या दंतवैद्य कायद्यानुसार होत आले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. बी.डी.एस. ही पदवी असलेले नोंदणीकृत दंतचिकित्सक रूट कॅनल करू शकतात. गुंतागुंतीच्या प्रकरणी या विषयातील एम.डी.एस. पदवीधारक तज्ज्ञांकडे रुग्णाला पाठवले जाते.

खाजगी दवाखान्यांतील खर्च अनेकांना परवडत नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच गोव्यात बांबोळी येथील दंत महाविद्यालयात हे उपचार उपलब्ध आहेत. शासकीय महाविद्यालयांतील शुल्क खाजगी दवाखान्यांपेक्षा कमी असते. तेथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे भेटी अधिक व वेळ जास्त लागतो.

उपचारापूर्वी स्पष्ट करून घ्यावयाच्या बाबी

• रूट कॅनलची गरज कोणत्या चाचण्यांवरून ठरली व मज्जा वाचवण्याची शक्यता आहे का
• दातात किती नलिका अपेक्षित आहेत व किती भेटी लागतील
• रबर डॅम वापरला जाणार आहे का
• सांगितलेल्या खर्चात कायमचे भरण व कॅप अंतर्भूत आहे का
• तात्पुरते भरण निघाल्यास काय करावे व ते कमाल किती काळ ठेवता येईल
• दात किती काळ टिकण्याची शक्यता आहे व तो काढल्यास त्या जागी काय करता येईल

रुग्णाने आपले जुने आजार, चालू औषधे व औषधांची ॲलर्जी यांची माहिती उपचारापूर्वी द्यावी. उपचाराआधीचे व नंतरचे एक्स-रे स्वतःजवळ जपून ठेवल्यास, पुढे दंतचिकित्सक बदलावा लागला तरी तुलना करणे शक्य होते.